अस्तरासकट

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. माझी लेक बेबी हा किस्सा तिच्या सासरी इतक्यांदा सांगते आणि दर वेळी त्याला इतकं मीठ-मिरची लावते, की म्हटलं आपणच एकदा नीट सांगून मोकळं व्हावं. माझं नाव भानुमती. तोंडाची फटकळ आहे, पण खोटी नाही.

मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सरकारला दोन राजधान्या, थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. आमचे हे होळकरांच्या वेळेपासून कचेरीत, ते आता फायलींच्या पेट्यांबरोबर अर्धं वर्ष ग्वाल्हेरला. त्या वर्षी चैत्र लागला तरी कचेरी इंदूरला उतरेना, आणि इकडे बेबीचं लग्न वैशाखात. मांडव, आचारी, पत्रिका, सगळी भागदौड माझ्या एकटीच्या डोक्यावर. ह्यांचं पत्र यायचं, काळजी करू नये. तिकडे बसून तेवढं लिहायला काय जातं?

रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या हसकेल मास्टरकडे भाड्याने होत्या. एकीत शिवणाचं दुकान, दुसरीत संसार. हसकेल झिराडकर, बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू लोक. बायको रिबका अलिबागकडची. तिची मराठी इतकी साफ, की माझं 'भागदौड' नि 'फिकर' ऐकून पदराआड हसायची. मी म्हणायची, बाई गं, इंदूरला चार उन्हाळे काढ, मग बघू तुझं व्याकरण. हसकेलचा हात मात्र फार चांगला. जवळच्या महू छावणीत साहेबांचे कोट शिवता शिवता शिकलेला. खांद्यावर एक सुरकुती दिसली तर अख्खा कोट उसवायचा, गिऱ्हाईक राहू दे राहू दे म्हणत असलं तरी.

त्याचे वडील सामाजी झिराडकर महूला राहायचे. लष्करी इस्पितळातून सुभेदार होऊन रिटायर झालेले, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या. मिलका नावाची विधवा मुलगी त्यांच्याजवळ असायची. सुभेदारांनी खटपट करून मुलाला इस्पितळात चिकटवलं होतं, आणि हा पठ्ठ्या ती सरकारी नोकरी सोडून सुई-दोरा घेऊन बसला. सुभेदाराचा मुलगा लोकांच्या कमरा मोजतो, हे म्हाताऱ्याच्या डोक्यातून जाईना. तरी सणावारी येणं-जाणं होतं. ते तुटलं या गोष्टीच्या दोन वर्षं आधी, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुटलं.

रिबकाची आई लेकीकडे राहायला आली होती, ती इथेच गेली. तेव्हा त्यांच्यातलं सुतक मी पहिल्यांदा जवळून बघितलं. आरशावर चादर टाकली. घरची माणसं सात दिवस जमिनीवर, पायात काही नाही, खुर्ची-पलंगावर बसणं नाही. आणि रिबकाने अंगातलं पोलकं डाव्या बाजूला, बरोबर काळजावर, हाताने फाडलं. मला राहवेना. भेटायला चार बायका येणार, बघणार. मी सुई-दोरा घेऊन गेले, म्हटलं आण इकडे, दोन टाके घालते. तिने त्या जागेवर हात घट्ट दाबून धरला.

मग हसकेलने समजावलं. भाऊ, बहीण, नवरा, बायको, मूल गेलं तर उजवीकडे फाडायचं, आणि महिना उलटला की शिवलं तरी चालतं. आई किंवा बाप गेला तर डावीकडे, काळजापर्यंत, आणि ते पुन्हा कधीही नीट शिवायचं नाही. फार तर महिन्याने कच्चा दोरा घालायचा, पण फाटलेलं दिसत राहिलं पाहिजे. मला हे इतकं पटलं, की मी ते रामबागभर सांगत सुटले. त्यानंतर ज्यू लोकांचं कुणी काही विचारलं की उत्तर मीच द्यायची.

त्या सात दिवसांत सुभेदार भेटायला आले. त्यांनी रिबकाचं फाटलेलं पोलकं बघितलं, खुंटीवर टांगलेले हसकेलचे अर्धवट कोट बघितले, आणि चारचौघांत मुलाला म्हणाले, "मी गेल्यावर तू काय करशील ते मला माहीत आहे. शिंपीच तू. आतलं अस्तर बोटभर उसवशील, आणि महिना व्हायच्या आत कुणाला दिसणार नाही असं शिवूनही टाकशील."

त्यानंतर हसकेल महूला गेला नाही. मी एकदा त्याला चांगलं झापलं, की बाप आहे, बोलला असेल रागात, तू लहान हो. तर हातातली कैची खाली ठेवून म्हणाला, "काकू, ते बोलले ते खोटं आहे. पण मी खोटं करून दाखवीन तेव्हा बघायला ते नसतील. मग मी करू काय?"

मी कैची उचलून परत त्याच्या हातात दिली.

तर त्या चैत्रात बातमी आली, की सुभेदारांना महिनाभर खोकला आहे आणि अंगातली ताकद गेली आहे. हसकेल हलला. चार दिवसांवर त्यांचा अनाशी धाकाचा सण होता. त्यात आठ दिवस बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकरी खायची, आणि पहिल्या संध्याकाळी सगळं कुटुंब एका टेबलाभोवती बसतं. हसकेलने ठरवलं, बोलावणं नसलं तरी जायचं. आणि रिकाम्या हाताने नाही. त्याने बापासाठी टसरचा बंद गळ्याचा कोट शिवायला घेतला होता. माप घ्यायला महूला जायची सोय नव्हती, पण बापलेकांचे खांदे एकाच साच्यातले, म्हणून तो स्वतःच्या अंगावर माप बघायचा. महिनाभर रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तेवढंच काम. पिवळसर, गव्हाच्या रंगाचं ते कापड, त्यावर त्याने काज असे केले होते की बघत राहावं.

बुधवारी मला महूला जायचं होतं, नणंदेकडे बेबीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. हसकेल दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, काकू, जाता जाता बाबांकडे डोकावा. सणाला आम्ही दोघं येतो म्हणून सांगा, आणि ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं सांगा. कोटाचं बोलू नका. मी म्हटलं, माझ्या तोंडातून एक शब्द जाणार नाही. रिबका पुन्हा पदराआड हसली.

नणंदेकडचं आटोपून मी सुभेदारांच्या घरी निघाले. पिशवीत अजून दोन घरच्या अक्षता आणि कुंकवाचा करंडा. छावणीच्या टोकाला त्यांचं बैठं घर. लांबूनच दिसलं, पलंग बाहेर उन्हात काढलेला, गादी वळकटी करून कुंपणावर. जरा पुढे गेले तर अंगणात तीन दगडांवर भलं मोठं पातेलं, त्यात पाणी खळखळ उकळतंय. एवढं पाणी घरात कधी तापवतात ते मला कुणी सांगायला नको. दरवाजा सताड उघडा होता. समोरच्या आरशावर पांढरी चादर. सगळ्या खुर्च्या गायब. आणि मिलका नि आणखी एक बाई जमिनीवर बसलेल्या, डोक्यावरून पदर, माना खाली, अनवाणी, कुणी कुणाशी बोलत नाही.

सांगा, दुसऱ्या कुणालाही काय वाटलं असतं? मी तर या विषयातली पंडित.

आत जाऊन विचारायचं होतं, इतकं मला आज कुणीही शिकवतं. पण हातात लेकीच्या लग्नाच्या अक्षता. त्या घेऊन मयताच्या घरात पाऊल कसं टाकणार? आपल्यात नाही चालत. विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तिथूनच हात जोडले, डोळे पुसले, आणि राहिलेली दोन आमंत्रणं सोडून पहिल्या मोटारीने परत फिरले. वाटभर मला एकच लागून राहिलं, की बिचाऱ्याचे चार दिवस राहिले होते. फक्त चार दिवस.

घरी पोचले तेव्हा हसकेल दुकानातल्या आरशासमोर उभा होता, अंगात तोच कोट. शेवटचं माप बघत होता. रिबका मागे वाकून कोटाची खालची कड ओढून बघत होती. मला बघून हसला. म्हणाला, बघा काकू, पाठीवर एक सुरकुती दाखवा. मग माझा चेहरा बघितला आणि हसणं थांबलं.

मी सांगितलं. जसं पाहिलं तसं सगळं, पाण्याच्या पातेल्यासकट.

तो हिब्रूत, त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत, दोन शब्द पुटपुटला. देव खरा न्याय करणारा आहे असा त्याचा अर्थ, हे रिबकाने मला मागून सांगितलं. मग त्याने टेबलावरची मोठी कैची उचलून रिबकाच्या हातात दिली आणि गळ्याखाली डावीकडे बोट ठेवलं. रीत अशी की पहिला काप दुसऱ्याने द्यायचा.

मी मध्ये बोलले. राहवलंच नाही. म्हटलं, अरे हसकेल, आधी कोट तर काढ, आत सदरा आहे तो फाड. महिनाभराची मेहनत आहे ती.

"काकू," तो म्हणाला, "बाबा म्हणाले होते मी अस्तर उसवीन."

रिबकाने काप दिला. त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि खाली ओढलं. टसर फाटताना आवाज करतं. कोट, अस्तर, आतला सदरा, सगळं एकदम फाटलं, छातीची कातडी दिसेपर्यंत. ज्या हातांना मी कधी कापडाला चुण्या पाडतानाही पाहिलं नव्हतं, त्याच हातांनी. मी सख्खं माणूस गेल्यासारखी रडले, खोटं कशाला सांगू.

सूर्य मावळायच्या आत त्यांच्यात माती देतात, म्हणून घाई. समोरचा तुकोजी पोलोग्राउंडच्या एका कारखान्याचा ट्रक चालवायचा, तो नेमका दुपारच्या जेवणाला घरी आलेला. ताट सोडून उठला. म्हणाला, चलो भिया, मी पोचवतो. हसकेल आणि रिबका पुढे बसले, मी मागे लोखंडाच्या पट्ट्यांवर. अक्षता घरी ठेवल्या होत्या, आता मला अडचण नव्हती. हसकेल अनवाणीच चढला.

घराशी ट्रक थांबला. पलंग अजून बाहेरच. पातेल्याखालचा जाळ विझत आलेला. हसकेल खाली उतरला आणि फाटकातच थबकला.

ओसरीच्या भिंतीला शिडी लावलेली, आणि शिडीवर सुभेदार सामाजी झिराडकर. अंगात बनियन, मिशीला चुना, हातात कुंचला. खालच्या पुताईवाल्याला हिंदीत फैलावर घेत होते, की कोपरे सोडून भिंत रंगवायला तुला कुणी शिकवलं.

आता सगळं सांगून टाकते. त्या सणाच्या आधी त्यांच्यात घरभर चुना देतात. म्हणून पलंग बाहेर, खुर्च्या मागच्या अंगणात, आणि आरशावर चुना उडू नये म्हणून चादर. भांडी सणासाठी उकळत्या पाण्यातून काढतात, म्हणून ते पातेलं. मिलका नि शेजारीण सणाचे तांदूळ निवडत होत्या, माना खाली घालून. सुभेदारांचा खोकला ओसरला होता, आणि ते तेव्हा पुताईवाल्याला आणायला गेले होते. हे सगळं मला ठाऊक असायला हवं होतं ना? पण आमच्या घरात पुताई दिवाळीला होते आणि मालकीण मी. रिबका बिचारी भाड्याच्या भिंतींना काय चुना देणार? सुतक मी शिकले होते, सण राहिला होता.

सुभेदारांनी वळून बघितलं. आधी मुलाचा चेहरा, मग अनवाणी पाय, मग डावीकडे लोंबणारं कापड. ते त्यांच्या रीतीचे मुरलेले, त्यांना सांगायला लागलं नाही. कुंचला हातातून सुटला. शिडीवरून भराभर उतरले आणि विचारलं, "कोण गेलं?"

हसकेल बापाकडे नुसता बघत होता, जिवंत बापाकडे.

"तुम्हीच, मामंजी," रिबका म्हणाली.

मग तिघांनी हळूच माझ्याकडे बघितलं. तुकोजीनेही बघितलं. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं, पण इंदूर-महूची जमीन खडकाळ. मी कसंबसं सांगितलं, आरसा, पलंग, पातेलं, अक्षता. सुभेदार ऐकत होते की नाही कोण जाणे. ते मुलाच्या जवळ गेले होते. त्यांनी फाटलेल्या जागेवर आपला पंजा आडवा ठेवला, रीतीत निदान चार बोटं फाटलं पाहिजे, ते मोजतात तसं. चार बोटं भरून वर उरलं. मग कापड बोटांनी उचलून आत बघितलं.

"अस्तरही?" ते म्हणाले.

"अस्तरही, बाबा."

"आणि सदरा."

"सदराही."

सुभेदारांनी ते कापड हातातून सोडलं नाही. मग म्हणाले, "मी वाईट बोललो होतो. दोन वर्षं रोज वाटायचं की वाईट बोललो. पण मी सुभेदार, मला मागे फिरता येत नाही." आणि तिथेच, पुताईवाल्यासमोर, म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. हसकेलने त्यांना मिठी मारली, आणि त्या कोटाची जी काही अब्रू उरली होती तीही चुन्यात गेली.

जरा शांत झाल्यावर सुभेदारांचा मूळ स्वभाव परत आला. डोळे पुसून ते कोटाकडे बघायला लागले. काज बघितले, खांदा बघितला. मग रागावले, की असलं कापड अंगात घालून फाडतात का, अक्कल आहे का, हा कोट आहे तरी कुणाचा. हसकेल मान खाली घालून उभा. आणि मी शब्द दिला होता, की कोटाचं बोलणार नाही.

"तुमचाच आहे, सुभेदारसाहेब," मी म्हटलं.

ते हसकेलकडे वळले, मग कोटाकडे, मग पुन्हा हसकेलकडे. "काढ," म्हणाले. त्याने काढून दिला. त्यांनी तो बनियनवरच चढवला, बटणं लावली, आणि ताठ उभे राहिले. पाठीवर एक सुरकुती नव्हती. मिलकाने आतून आरशावरची चादर ओढली, आणि फाटका कोट घातलेले सुभेदार आरशासमोर पाच मिनिटं हलले नाहीत.

हसकेल म्हणाला, बाबा, तुम्ही जिवंत आहात, तेव्हा आता शिवायला काही हरकत नाही. मी असं रफू करून देईन की कुणाला शोधूनही सापडणार नाही.

"खबरदार," सुभेदार म्हणाले. "शिवायचं, पण काळ्या दोऱ्याने. सगळ्यांना दिसलं पाहिजे. नाजूक शिवायला तुझी गिऱ्हाइकं आहेत."

गव्हाच्या रंगाच्या टसरवर काळा दोरा. हसकेलचं तोंड असं झालं, की बाप खरंच गेला असता तरी इतकं झालं नसतं. तो गयावया करत होता, निदान तपकिरी तरी घेऊ द्या. पण हुकूम तो हुकूम. सणाच्या दिवशी सुभेदार त्याच कोटात टेबलाच्या टोकाला बसले, शेजारी हसकेल, शेजारी रिबका. आणि मला बेखमीर भाकऱ्या पाठवल्या, सोबत निरोप, की मेलेल्या माणसाकडून सप्रेम भेट.

वैशाखात बेबीच्या लग्नाला ते आले. उन्हाने माणसं वितळत होती, आणि हे टसरच्या कोटात, गळ्यापर्यंत बटणं. मांडवातल्या एकेकाला धरून छातीवरचे काळे टाके दाखवत होते. म्हणत होते, माझ्या मुलाने हे माझ्यासाठी फाडलं, अस्तरासकट. इंदूरचा टेलर मास्टर आहे, रामबागेत दुकान आहे. आणि लगेच माझ्याकडे बोट, की ह्या बाईंनी मला मारलं, देव त्यांचं भलं करो. आमचे हे ग्वाल्हेरहून आदल्या दिवशी आलेले, त्यांना काहीच ठाऊक नाही, ते नुसते नमस्कार करत होते.

फोटोच्या वेळी सगळे उभे राहिले. फोटोवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या कोटाला ठिगळ आहे, फोटोत बरं दिसणार नाही, म्हणून त्याने गळ्यातला हार नीट सरकवून ती जागा झाकली. सुभेदारांनी हार पुन्हा उजवीकडे सरकवला. त्याने पुन्हा झाकला, ह्यांनी पुन्हा सरकवला. तिसऱ्या वेळी शेजारी उभ्या हसकेलनेच हात पुढे केला, बापाचा हार उजवीकडे ओढला आणि तिथेच धरून ठेवला.

तो फोटो आमच्या बैठकीत आहे. बेबीचे डोळे नेमके मिटलेत आणि जावई हलले आहेत, पण ते काळे टाके एकेक मोजून घ्या.